रिकाम्या नळीची विद्या

लक्ष्यवेधासाठी मनुष्याने जी साधने निर्माण केली त्यांत पिस्तुलाइतके बेभरवशाचे साधन दुसरे नाही. धनुष्याला दोन्ही हातांचा ताण असतो, बंदुकीला खांद्याचा आधार असतो, तोफेला तर स्वतःचा गाडाच असतो. पण ज्याची नळी वीतभर, ज्याचा सारा भार एका मनगटावर, आणि ज्याच्या पुढच्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंतचे अंतर पसरलेल्या पंजात मावते, अशा शस्त्राने २५ मीटरांवरील ५० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा वेध घ्यावयाचा, म्हणजे हाताच्या कंपाने, श्वासाच्या चढउताराने आणि मनाच्या अधीरतेने जे जे बिघडण्यासारखे आहे ते सारे बिघडणारच असे गृहीत धरून कामास लागावे लागते. या शस्त्राचा इतिहास लिहिणारे बहुधा कारागिरांचे गुण गातात. अमक्याने चाप सुधारला, तमक्याने काडतूस शोधले, याच्या नोंदी विपुल आहेत. परंतु ते शस्त्र हाती धरणाऱ्यास नेम शिकविणाऱ्या उस्तादांची परंपरा मात्र उपेक्षित राहिली आहे. ती परंपरा न्याहाळू लागले की एक गोष्ट ध्यानात येते: या उस्तादांनी गेल्या दोनशे वर्षांत शिष्याच्या हाती नवे काही दिले असेल त्याहून अधिक त्याच्यापुढून काढून घेतले आहे. कोणी दारू काढून घेतली, कोणी गोळी काढून घेतली, आणि शेवटी तर ज्यावर नेम धरावयाचा ते लक्ष्यसुद्धा काढून घेतले.

या विद्येचा आरंभ द्वंद्वयुद्धाच्या रिवाजात झाला, हे तिच्या वाट्याला आलेले दुर्दैव होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये वॉग्डन, मॅन्टन यांसारखे कारागीर द्वंद्वाची जोड-पिस्तुले घडवीत. मखमलीच्या अस्तराच्या पेटीत एकमेकांशी तंतोतंत जुळणारी ती दोन शस्त्रे उमरावांच्या घरी चांदीच्या भांड्यांइतक्याच अगत्याने जपली जात. जो मॅन्टनने मेफेअर भागात डेव्हिस स्ट्रीटवर नेमबाजीची एक शाळाच थाटली होती. तेथे शहरातील शौकीन तरुण येत, आणि त्या काळी पत्रे चिकटविण्यासाठी कणकेच्या ज्या लहान चकत्या वापरीत त्याच समोर लावून त्या उडविण्याचा सराव करीत. कवी बायरन हा त्या शाळेच्या नेहमीच्या मंडळींपैकी होता. पण तेथे खरोखर शिकले जात असे ते हात झटकन उचलून तत्क्षणी बार काढणे. शांतपणे निरखून नेम धरणे इंग्लंडातील सभ्य समाजात अशिष्ट समजत, कारण द्वंद्व हे अब्रूचे प्रकरण होते, कसाबाचे नव्हे. ज्या क्रीडेत अचूकपणा हाच अविनय ठरतो तिच्यात अचूकपणाचे शास्त्र वाढावे कसे?

तरीही त्या काळातील एक प्रसंग नेमबाजीच्या दृष्टीने चिंतनीय आहे. ११ जुलै १८०४ रोजी अमेरिकेत न्यू यॉर्कजवळ हडसन नदीच्या पैलतीरी तेथील मुत्सद्दी अलेक्झांडर हॅमिल्टन आणि त्या देशाचा तत्कालीन उपाध्यक्ष ॲरन बर यांचे द्वंद्व झाले. पिस्तुले वॉग्डनच्या पेढीचीच होती. त्यांना एक जादा खटका असे. तो चढविला म्हणजे चाप केवळ स्पर्शाने सुटावा इतका हलका होई. हॅमिल्टनच्या साक्षीदाराने शस्त्र हाती देताना तो खटका चढवू का म्हणून विचारले, तेव्हा त्याने या वेळी नको असे सांगितले. हॅमिल्टनची गोळी बरच्या डोक्यावरून जाऊन झाडाच्या फांदीत शिरली. बरची गोळी हॅमिल्टनच्या पोटात शिरली आणि दुसऱ्या दिवशी तो निवर्तला. त्याने जाणून नेम चुकविला की जड चापाने त्याचा हात चाळविला, यावर इतिहासकारांचा खल अद्याप संपलेला नाही. तो वाद त्यांच्याकडेच राहू द्यावा. मला त्यातून एवढेच दिसते की पिस्तुलाची गोळी कोठे जाते हे ठरविणारी वस्तू डोळ्यापेक्षा तर्जनी आहे, हे त्या पिढीतील जाणत्यांना उमगले होते. फक्त त्यावर त्यांना सुचलेला उपाय कारागिराचा होता, शिक्षकाचा नव्हे. बोट शिकविण्याऐवजी त्यांनी चाप हलका केला.

बोट शिकविण्याची कल्पना पिस्तुलाच्या नव्हे तर बंदुकीच्या शाळेत जन्मली. १८५३ साली केंट परगण्यातील हाइथ या समुद्रकाठच्या गावी ब्रिटिश लष्कराने बंदूकविद्येची शाळा काढली. तोवर शिपायास बंदूक भरण्याची कवायत शिकवीत, नेम धरण्याची क्वचितच; कारण पलटणीने एकदम बार काढला म्हणजे त्यांतल्या काही गोळ्या लागतातच असा सेनापतींचा हिशेब असे. नव्या आटेदार नळीच्या बंदुकीने तो हिशेब मोडला. हाइथच्या उस्तादांनी शिपायाला एकही गोळी न देता प्रथम कित्येक दिवस रिकाम्या बंदुकीशी झुंजविले. शिपायाने बंदूक खांद्याला लावून थेट शिक्षकाच्या डोळ्यावर नेम धरावयाचा, आणि शिक्षकाने नळीसमोर उभे राहून शिष्याचा डोळा, खाच आणि माशी एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहावयाचे, हा त्यातला एक पाठ. दुसरा पाठ अधिक मनोरंजक आहे. नळीच्या तोंडापासून तीनेक फुटांवर मेणबत्ती पेटवून ठेवीत, बंदुकीत दारू व गोळी न भरता केवळ घोड्याखालची स्फोटक टोपी बसवीत, आणि शिपायाने ज्योतीवर नेम धरून चाप ओढावयाचा. टोपी फुटली की नळीतून वाऱ्याचा जो झोत निघे तो नेम बरोबर असेल तर ज्योत विझवी. हात हलला तर ज्योत नुसती थरथरून पुन्हा सरळ उभी राही. शिपाई आणि ज्योत यांच्यात तिसरा न्यायाधीश लागत नसे. दारूच्या धुराने, धक्क्याने आणि आवाजाने ज्या चुका झाकल्या जात त्या सर्व या मूक पाठात उघड्या पडत. नेमबाजीच्या शिक्षणात इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक पाठ पुढे क्वचितच कोणी शोधला असेल.

हीच बंदूकविद्या एन्फील्ड रायफलीबरोबर हिंदुस्थानात आली, आणि तिच्या शिक्षणासाठी डमडम, अंबाला व सियालकोट येथे ठाणी उघडण्यात आली. तेथे शिकावयास आलेल्या शिपायांना नव्या काडतुसांविषयी जो संशय आला त्याचा परिणाम १८५७ साली काय झाला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. कंपनी सरकारने नेम शिकविण्याची जी शाळा काढली तिच्या पहिल्या धड्याआधीच शिष्यांनी गुरूवर नेम धरला, असे कोणी विनोदाने म्हटल्यास त्यास फारसा दोष देता यावयाचा नाही.

पिस्तुलापुरते बोलावयाचे तर पुढचा टप्पा पॅरिसचा आहे. तेथे लुई फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने १८४५ च्या सुमारास घोड्याखालच्या टोपीतच एक लहानशी गोळी बसवून दिली. दारू नाहीच, टोपीतल्या रसायनाचा जो अल्प स्फोट होई तेवढाच त्या गोळीस पुरे. या काडतुसाने पिस्तूल दिवाणखान्यात आणले. धूर नाही, भिंत फुटण्याची धास्ती नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. जेवणानंतर पाहुण्यांनी पत्त्यांच्या डावाऐवजी दहा-बारा पावलांवरच्या पत्र्याच्या चकतीवर नेम मारीत बसावे, अशी ती सोय होती. करमणूक म्हणून आरंभलेल्या या प्रकाराने शिक्षणाचे मोठे काम केले. ज्याला पूर्वी दिवसाकाठी चार-पाच बार काढणे परवडे तो आता शेकडो काढू लागला, आणि धक्का नसल्याने आपली चूक आपल्यालाच दिसू लागली. आजच्या जगभरच्या स्पर्धांतील २२ बोअरचे काडतूस हे त्या टोपीचेच वंशज होय.

पॅरिसमध्येच शाँझेलिझेनजीक गास्तीन-रेनेत यांची चांदमारी होती. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने भरले तेव्हा बॉस्टनचा जॉन पेन हा तिकडे निघाला असता वाटेत पॅरिसला उतरला आणि त्या चांदमारीत काम करीत असलेल्या आपल्या भावास, समनर पेन यास, बरोबर घेऊन पुढे गेला. तेथे कोणत्या शर्ती असतील याचा दोघांनाही पत्ता नव्हता. म्हणून त्यांनी अनेक प्रकारची पिस्तुले आणि ३,५०० काडतुसे बरोबर घेतली. त्यांतली त्यांना अवघी ९६ लागली. लष्करी पिस्तुलाच्या २५ मीटरांच्या स्पर्धेत जॉनचे ४४२ गुण झाले, समनरचे ३८०, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या ग्रीक स्पर्धकाचे २०५. यजमानांना अधिक लाजवू नये म्हणून जॉन पुढच्या स्पर्धेतून बाजूस सरला असे सांगतात, आणि ३० मीटरांची ती स्पर्धा समनरने सहज जिंकली. पहिला आणि तिसरा यांच्या गुणांत दुपटीहून अधिक अंतर पडावे, यावरून त्या काळी पद्धतशीर सराव करणारे किती थोडे होते हे कळते. बाकीच्या स्पर्धकांत सैनिक होते, शूर होते, पण रोज चांदमारीवर जाणारे फारसे नसावेत.

द्वंद्वाचा रिवाज कायद्याने आणि समाजाच्या नापसंतीने मरत चालला, तशी त्याची प्रेते मोठी विचित्र रूपे धारण करून क्रीडांगणात फिरू लागली. १९०६ साली अथेन्सलाच भरलेल्या सामन्यांत द्वंद्वपिस्तुलाची स्पर्धा होती, आणि तीत लांब कोट चढविलेल्या पुतळ्यावर नेम धरावयाचा होता. त्याच सुमारास देव्हिलेर नावाच्या फ्रेंच डॉक्टराने मेणाच्या गोळ्या काढल्या, आणि तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा, अंगात जाड डगला आणि पिस्तुलाच्या मुठीवर हात वाचविणारी ढाल अशा थाटात गृहस्थ मंडळी खरोखरच एकमेकांवर बार काढू लागली. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकच्या वेळी याचे प्रदर्शनही झाले. वॉल्टर विनन्स नावाचा इंग्लंडात राहणारा श्रीमंत अमेरिकन या खेळाचा मोठा भोक्ता होता. या गृहस्थाने १९०१ साली रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजीवर ग्रंथ लिहिला, १९०८ साली धावत्या हरणाच्या नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले आणि १९१२ साली स्टॉकहोमला शिल्पकलेच्या स्पर्धेतही सुवर्णपदक मिळविले. अशा माणसास शौकाची मर्यादा कोणी सांगावी! पण शास्त्र म्हणून मेणाच्या गोळीने काही शिकविले नाही, आणि ती लवकरच विस्मृतीत गेली.

खरे शास्त्र याच काळात, गाजावाजा न होता, पलटणींच्या चांदमाऱ्यांवर आणि क्लबांच्या रेंजवर सिद्ध होत होते. त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो, पण तो अंगी बाणावयास वर्षे लागतात, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. नवशिक्या माणूस पिस्तूल उचलतो तेव्हा त्याची दृष्टी लक्ष्यावर खिळते आणि हात हलतो म्हणून तो कासावीस होतो. उस्ताद त्याला सांगतो की लक्ष्य अंधुक दिसू दे, पुढची माशी मात्र स्वच्छ दिसली पाहिजे, आणि ती मागच्या खाचेत बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंस सारखा उजेड ठेवून, माथा समपातळीत राखून बसली पाहिजे. यामागचा हिशेब कोणासही करून पाहता येईल. २५ मीटरांच्या पिस्तुलात माशी व खाच यांतील अंतर नियमाप्रमाणे २२० मिलिमीटरांपेक्षा अधिक नसते. आता सारा हात जसाच्या तसा, माशी-खाच जुळलेली ठेवून, दोन सेंटिमीटर एकीकडे सरकला तर गोळीही दोनच सेंटिमीटर सरकते आणि तरीही दहा गुणांच्या वर्तुळातच पडते. उलट हात जागच्या जागी राहून माशी खाचेत केवळ एक मिलिमीटर तिरकी झाली तर २५ मीटरांवर ती तिरपी रेषा सुमारे ११४ मिलिमीटर फाकते आणि दहाचे सहा होतात. म्हणजे ज्या कंपाला माणूस भितो तो जवळजवळ निरुपद्रवी आहे, आणि ज्या तिरपेपणाकडे त्याचे लक्षच नसते तो सर्वनाश करणारा आहे.

हा तिरपेपणा येतो कोठून? बहुतांशी चापातून. माशी लक्ष्याच्या मध्याशी आली असे वाटताच मन ‘आता!’ म्हणून ओरडते, तर्जनी झटका देते, तिच्याबरोबर उरलेली बोटे आवळतात, आणि येणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने मनगट खाली दबते. नेमबाज शपथेवर सांगेल की माझा हात हलला नाही. कारण ज्या क्षणी तो हलतो त्याच क्षणी बार उडतो आणि धक्क्याच्या गोंधळात सारा पुरावा नष्ट होतो. यावर पलटणीतल्या शिक्षकांनी जी युक्ती काढली ती पाहण्यासारखी आहे. शिक्षक स्वतः रिव्हॉल्व्हर भरतो, काही खणांत खरी काडतुसे आणि काहींत पोकळ घालतो, चकरी फिरवून शस्त्र शिष्याच्या हाती देतो. दोन बार होतात. तिसऱ्या वेळी घोडा नुसता ‘टक्’ करून पडतो, आणि न झालेल्या बारासाठी नळीचे तोंड चांगले बोटभर खाली डुचकते. शेजारी उभे असलेले चारजण हसतात. शिष्य खजील होतो. पण त्या क्षणी तो जे शिकतो ते शंभर गोळ्या मारून शिकला नसता. मग उपाय एकच: रिकाम्या पिस्तुलाने, माशीवर दृष्टी ठेवून, चाप सावकाश सरळ मागे नेत राहावयाचा, इतका सावकाश, की घोडा केव्हा पडला याचे स्वतःलाच नवल वाटावे आणि तो पडल्यावरही माशी खाचेत तशीच बसलेली दिसावी. काही उस्ताद माशीच्या माथ्यावर एक नाणे ठेवतात; चाप सुटल्यावर नाणे पडले नाही तर पाठ झाला. आमचे नेमबाज यालाच ‘ड्राय’ म्हणतात, आणि ड्राय किती केला यावरून एकमेकांची पत ठरवितात.

या रिकाम्या अभ्यासाचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर हंगेरीच्या कारोय टाकाच याचे चरित्र पाहावे. १९१० साली बुडापेस्ट येथे जन्मलेला हा मनुष्य सैन्यात सार्जंट होता आणि तिशीच्या आतच त्याची गणना उत्तम पिस्तूलबाजांत होऊ लागली होती. तरी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्यास वगळण्यात आले, कारण हंगेरीच्या सैन्यातून केवळ कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांनाच पाठविण्याचा शिरस्ता होता. ती मनाई पुढे उठली आणि १९४० च्या ऑलिंपिकवर त्याची दृष्टी लागली. तोच १९३८ साली कवायतीच्या वेळी एक सदोष हातबाँब त्याच्या उजव्या हातात फुटला आणि ज्या हाताने तो आजवर नेम धरीत आला होता तो हात निकामी झाला. रुग्णालयात सुमारे महिनाभर काढून तो बाहेर आला, आणि कोणासही न कळविता डाव्या हाताने सराव करू लागला. १९३९ च्या वसंतात राष्ट्रीय स्पर्धेच्या जागी तो दिसला तेव्हा जुने सोबती समाचारास आला असेल असे समजून त्याच्याशी सहानुभूतीने बोलू लागले. टाकाचने सांगितले की आपण बघावयास नव्हे, उतरावयास आलो आहोत. ती स्पर्धा त्याने जिंकली, आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत विजयी ठरलेल्या हंगेरीच्या संघातही तो होता.

महायुद्धाने १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिके गिळली. १९४८ साली लंडनला टाकाच ३८ वर्षांचा होता. स्पर्धा होती २५ मीटर वेगवान पिस्तुलाची, जीत एका ओळीतल्या पाच आकृतींवर ठरावीक सेकंदांत पाच गोळ्या मारावयाच्या असतात, प्रथम आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत. आदल्या वर्षीचा जगज्जेता, अर्जेंटिनाचा कार्लोस दियास साएन्स व्हालियेन्ते, याने त्यास विचारले की तुम्ही लंडनला कशासाठी आलात. टाकाचने शिकावयास आलो असे उत्तर दिले. ६०० पैकी ५८० गुणांचा जागतिक विक्रम करून त्याने सुवर्णपदक घेतले, तेव्हा रौप्यपदकावर थांबलेल्या दियासने आता तुमचे शिकणे पुरेसे झाले अशा अर्थाचे उद्गार काढल्याची आख्यायिका आहे. चार वर्षांनी हेलसिंकीला टाकाचने तेच पदक पुन्हा जिंकले आणि रौप्यपदक त्याचाच देशबांधव सिलार्ड कुन याने घेतले.

टाकाचची गोष्ट सामान्यतः जिद्दीचा धडा म्हणून शाळेतील मुलांना सांगितली जाते. जिद्द तर होतीच, पण मला तीत दुसरेच काही अधिक महत्त्वाचे वाटते. चार सेकंदांत पाच आकृतींवर जाणारा हात जर केवळ स्नायूंच्या सवयीचा बनलेला असता तर उजव्याबरोबर ती विद्याही गेली असती आणि डाव्यास पुन्हा पहिल्यापासून सारी वर्षे घालवावी लागली असती. एका वर्षाच्या आत डावा हात राष्ट्रीय विजेता होतो, याचा अर्थ असा की माशी कशी दिसली पाहिजे, चाप केव्हा आणि किती दाबावयाचा, बार उडाल्यावर पुढच्या आकृतीकडे दृष्टी हातापूर्वी कशी जावयाची, हे सर्व हातात नव्हते. उस्ताद जे रिकाम्या पिस्तुलाने शिकवितात तेच होते, आणि ते हातबाँबाच्या पलीकडे सुरक्षित राहिले.

महायुद्धानंतर या विद्येचे दप्तर फार वाढले. अमेरिकेने १९५६ साली फोर्ट बेनिंग येथे लष्करी नेमबाजांची स्वतंत्र तुकडी उभारली. रशियात युर्येव्हसारख्या जाणत्यांनी कोणता स्नायू केव्हा ताणला जातो, श्वास कोठे थांबवावा, याचे सविस्तर विवेचन केले. दोन्ही राष्ट्रे एकमेकांकडे डोळे वटारीत असतानाच दोघांचेही शिक्षक एकाच निर्णयाशी येऊन ठेपले. तो निर्णय म्हणजे पांढऱ्या कागदाचा पाठ. लक्ष्यपत्र उलटे लावावयाचे, म्हणजे नेमबाजासमोर वर्तुळे नाहीत, काळा ठिपका नाही, गुण नाहीत, फक्त कोरा पांढरा चौकोन. त्यावर गोळ्या मारावयाच्या आणि त्या सर्व एका जागी जमतात की नाही एवढेच पाहावयाचे. अनुभव असा, की पुष्कळांच्या गोळ्या कोऱ्या कागदावर ठिपक्यापेक्षा अधिक दाट पडतात. ठिपका दिसला की माणूस त्याला हात लावावयास धावतो; तो नसला की दृष्टी आपसूक माशीवर येते.

या साऱ्या पाठांतला सर्वांत कठीण पाठ मात्र बार न काढण्याचा आहे. हात उचलला, श्वास अर्धा सोडला, चापावर भार आला, आणि सहा-आठ सेकंद उलटले तरी बार उडाला नाही, तर हात खाली घेऊन पुन्हा आरंभ करावयाचा. त्यापुढे डोळ्यासमोर माशीची छाया रेंगाळू लागते, दंड थकतो आणि मन तडजोडीस तयार होते. १० मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत साठ बारांसाठी ७५ मिनिटे मिळतात. नवखे ती लवकर संपवितात, जाणते वेळ पुरवून पुरवून वापरतात. स्वीडनचा राग्नार स्कानोकेर १९७२ ते १९९६ अशा सात ऑलिंपिकांत उतरला आणि पहिल्याच खेपेस म्युनिकला ५० मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक घेऊन, साठी ओलांडल्यावरही त्याच बाकावर उभा राहिला. ज्या क्रीडेत बासष्ट वर्षांचा गृहस्थ जगाच्या पंगतीत बसतो तीत बाहुबलाचा वाटा किती असेल ते उघड आहे.

आपल्याकडे ही विद्या उशिरा आली, आणि याचे कारण रसिकतेचा अभाव नसून कायदा होता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले, आणि पिस्तुलाचा परवाना मिळणे म्हणजे सरकारच्या खास मर्जीतले असणे होय. त्यामुळे नेमबाजी राहिली ती संस्थानिकांच्या शिकारखान्यात, पलटणीत आणि पोलिसांच्या चांदमारीवर. स्वराज्य आल्यावर १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. मूळचे रत्नागिरीकडचे, बडोद्यास जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले आणि पहिल्या लोकसभेचे अध्यक्षपद भूषविलेले. ज्या गृहस्थाचे आयुष्य सभागृहात सदस्यांना शांत बसविण्यात गेले त्याने नेमबाजीस आश्रय द्यावा यात मला तरी विसंगती दिसत नाही. दोन्हींत अधीर माणसाला आवरावे लागते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा हा पुढे कित्येक वर्षे राष्ट्रीय स्पर्धेचा उंबरठा होऊन राहिला, आणि देशातील बहुतेक नामवंत नेमबाज तो ओलांडूनच आत आले.

पण लोकांपर्यंत हे पोहोचविले ते एअर पिस्तुलाने. साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याचे, दाबलेल्या हवेवर चालणारे हे शस्त्र ठरावीक शक्तीच्या आत असेल तर परवान्यावाचून बाळगता येते, आणि त्याला १० मीटरांची बंदिस्त खोली पुरते. फ्लोबेरने दारू काढली होती, येथे टोपीही गेली. १९८८ साली त्याची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये आली, आणि पुढच्या काळात पुणे, मुंबई, कोल्हापूर येथे शाळांच्या तळघरांतून नि मंगल कार्यालयांच्या गच्च्यांवरून रेंज निघू लागल्या. २२ बोअरची चांगली काडतुसे परदेशातून आणावी लागतात आणि महाग पडतात, ही अडचणही एका परीने पथ्यावरच पडली. कारण ज्याच्यापाशी काडतुसे मोजकी त्याला भिंतीसमोर उभे राहून ड्राय करण्यावाचून गत्यंतर नसते. आता तर नळीखाली एक लहानसे यंत्र बसवितात आणि रिकाम्या पिस्तुलाची माशी चाप सुटण्यापूर्वी कोठे कोठे भटकली याची रंगीत रेघ संगणकावर उमटते. हाइथच्या मेणबत्तीचेच काम ते करते. फक्त मेणबत्ती पैशापैशाला मिळे आणि यंत्राची किंमत ऐकून पालकांचा श्वास थांबतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली कोरियातील चांगवॉन येथे २५ मीटर पिस्तुलात विश्वचषक स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. पिस्तुलात असे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे कोपराच्या दुखापतीने त्यांची कारकीर्द खंडित झाली, आणि सावरल्यावर त्यांनी मुंखबायर दोर्जसुरेन यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. या बाईंनी १९९२ साली मंगोलियासाठी आणि २००८ साली जर्मनीसाठी याच प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले होते. २२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेम्बांग येथे आशियाई सामन्यांच्या अंतिम फेरीत सरनोबत आणि थायलंडची प्रतिस्पर्धी यांची प्रत्येकी ३४ अशी बरोबरी झाली. या फेरीत हात पंचेचाळीस अंशांवर खाली ठेवून उभे राहावयाचे, हिरवा दिवा लागताच उचलावयाचा, तीन सेकंदांत एक बार, पुन्हा हात खाली, सात सेकंद तांबडा दिवा, असे पाच वेळा; आणि १०.२ च्या आत पडलेली गोळीच काय ती गुणाची. पहिल्या निर्णायक पाच बारांत दोघींच्या चार-चार लागल्या. दुसऱ्या पाचांत थाई मुलीच्या दोन लागल्या, सरनोबतांच्या तीन.